पाच मिनिटांपुरतं रद्द

हवेचं बदक काळ्या कचऱ्याच्या पिशवीतून घरी न्यायचं, असं रिहामने दुकानातच ठरवून टाकलं. निर्णय तसा छोटाच होता. बदक मात्र छोटं नव्हतं. चार वर्षांच्या तालीनने ते तिथल्या तिथे फुगवायला लावलं होतं, कारण घडी घातलेलं बदक हे बदकच आहे यावर तिचा विश्वास बसेना. (आईवर गेली होती. पुराव्याशिवाय काही मानायचं नाही.) त्यामुळे तान्ता शहराच्या भर बाजारातून रिहाम एक टम्म फुगलेली कचऱ्याची पिशवी पोटाशी धरून चालली होती, पिशवीच्या तोंडातून एक नारिंगी चोच बाहेर डोकावत होती आणि मागून तालीन येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "आम्ही कुठ्ठेच जात नाही आहोत."

हे वाक्य रिहामनेच तिच्याकडून आठवडाभर घोटून घेतलं होतं. फक्त कोणी विचारल्यावर म्हणायचं, हे सांगायचं राहिलं.

खरी गोष्ट अशी, की शनिवारी ते रास अल-बरला जाणार होते. अख्खा आठवडा. बिदेरकाका नावाच्या दलालाकडून समुद्राजवळची एक झोपडी ठरवली होती. (तिथे भाड्याच्या घराला झोपडीच म्हणतात, मग ते तीन मजली सिमेंटचं का असेना.) भिशी लागली त्याच दिवशी तीन हजार पौंड विसार देऊन झाला होता. गेल्या वर्षीही असंच सगळं ठरलं होतं आणि निघायच्या आदल्या दिवशी तालीनच्या अंगावर कांजिण्या उठल्या. समुद्र दाखवते म्हणून सांगितलेल्या पोरीला रिहामने बादलीत मीठ कालवून दिलं होतं. तालीन त्या बादलीत पाय सोडून तासभर बसली आणि मग म्हणाली, "मोठा आहे." ते दोन शब्द रिहामच्या छातीत वर्षभर रुतून बसले होते. यंदा काय वाटेल ते होवो, पोरीला समुद्र दाखवायचाच.

आणि त्यासाठी एकच खबरदारी घ्यायची होती. दुसऱ्या मजल्यावरच्या सोहेरमावशींना पत्ता लागू द्यायचा नाही.

सोहेरमावशींची दृष्ट लागते.

आता रिहाम काही अडाणी नव्हे. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. दरवर्षी 'प्रकाश' या धड्याला फळ्यावर मोठा डोळा काढून, बाण दाखवून सांगायची, "मुलींनो, प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो. डोळ्यातून बाहेर काहीही पडत नाही." आणि संध्याकाळी घरी जाताना दुसऱ्या मजल्यावरून श्वास रोखून जायची. (धडा आठवा. तो परीक्षेला असतो. जिन्याला नसतो.)

शिवाय तिच्याकडे नोंदी होत्या. पाचपैकी पाच. रिहामच्या नव्या वॉशिंग मशीनसमोर ती आणि मावशी दोघी उभ्या राहून म्हणाल्या होत्या, काय बाई आवाज नाही याला. संध्याकाळी पट्टा तुटला. इमारतीतल्या उम्म करीमच्या, म्हणजे करीमच्या आईच्या, घरचं झुंबर बघायला दोघी गेल्या. तिसऱ्या दिवशी झुंबर जेवणाच्या टेबलावर. त्याच उम्म करीमच्या मुलाच्या नवरीचं दोघींनी तोंडभर कौतुक केलं. साखरपुडा नऊ दिवसांत मोडला. इमारतीची लिफ्ट सुरू झाली तेव्हा पहिल्या फेरीत दोघीच होत्या. चौथ्या दिवसापासून लिफ्टमध्ये कांद्याची पोती ठेवतात. आणि पाचवी नोंद कांजिण्यांची. आदल्या दिवशी सोहेरमावशी जिन्यात तालीनचे गाल बघून गेल्या होत्या. रिहामनेच हौसेने दाखवले होते.

पाचपैकी पाच म्हणजे विज्ञानात नियम झाला.

माणूस म्हणून सोहेरमावशी लाखात एक, हे रिहामही कबूल करायची. विधवा बाई, एकट्याच राहायच्या, सगळ्यांच्या मदतीला पहिल्या. रिहामने त्यांच्या घरच्या कशालाही चांगलं म्हणायचा अवकाश, "घे, तूच घेऊन जा" म्हणून हातात कोंबायच्या. असे तीन कप, एक पडदा आणि पुदिन्याची कुंडी रिहामकडे आली होती. रिहाम गेली की त्या कॅनरीच्या पिंजऱ्यावर आधी कापड टाकायच्या. (पक्ष्याला माणसांची सवय नसेल.) आणि तिने उंबरा ओलांडला की मागून हटकून धूप जाळल्याचा वास यायचा. किती धार्मिक बाई! मग असल्या बाईच्या डोळ्यात हे कुठून आलं असेल? देवाची करणी. मावशींचे डोळे होतेही तसेच, कॉफीच्या कपाएवढे, काजळ घातलेले. ते डोळे वळले की रिहामला फळ्यावरचे सगळे बाण उलट्या दिशेने सुटलेले दिसायचे.

तर पिशवी घेऊन रिहाम जिना चढत होती. पहिला मजला गेला. तिथे सासूबाई, हाज्जा इन्शिराह, राहायच्या. दुसरा मजला आला. रिहामने श्वास रोखला. दार उघडलं.

"अगंबाई, रिहाम!" सोहेरमावशींचा हात झटकन गळ्यातल्या निळ्या मण्यावर गेला. "पिशवीत काय गं एवढं?"

"कचरा," रिहाम म्हणाली.

"कचरा वर नेतेस?"

रिहामने पिशवी आणखी घट्ट धरली. पिशवीतून चोच मावशींकडे बघत होती. तालीनला वाटलं, हीच ती वेळ.

"आम्ही कुठ्ठेच जात नाही आहोत," ती ठणठणीत आवाजात म्हणाली. "रास अल-बरला पण नाही."

मावशींचे डोळे कपाएवढ्याचे बशीएवढे झाले. आणि रिहामच्या तोंडून, तिची परवानगी न घेता, वाक्य बाहेर पडलं, "जाणार होतो हो मावशी. पण रद्द केलं."

"रद्द? का गं?"

इथे थांबली असती तरी चाललं असतं. पण खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला खोटं उघडं ठेवता येत नाही, त्याला वरून कारणाचं झाकण घालावंसं वाटतं. रिहामने इकडेतिकडे पाहिलं. जिन्याखालून सासूबाईंचा खोकल्याचा आवाज आला.

"आईंचा गुडघा," ती म्हणाली. "त्यांना असं सोडून कसं जायचं?"

"विसार दिला होता?"

"तीन हजार."

"अरेरे," मावशी म्हणाल्या, आणि त्यांच्या त्या भल्यामोठ्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं. "तीन हजार! सासूच्या गुडघ्यासाठी! कोण करतं गं आजच्या काळात?"

वर आल्यावर रिहामने दार लावलं, दाराला पाठ टेकली आणि देवाचे आभार मानले. सुटलो! आता ज्या सहलीला दृष्ट लागायची, ती सहलच मावशींच्या लेखी जगात नव्हती. नसलेल्या गोष्टीला दृष्ट कशी लागणार? हे तिला इतकं शास्त्रशुद्ध वाटलं की तिने बदक सोफ्यावर बसवलं आणि त्याच्या शेजारी बसून स्वतःला एक ग्लास उसाचा रस दिला.

आपण एका भल्या बाईच्या हातात आपल्या सासूचा गुडघा देऊन आलो आहोत, हे तिच्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळपर्यंत गुडघ्याने इमारत पालथी घातली. बातमी कुठल्या जिन्याने गेली कुणास ठाऊक, पण उम्म करीम सूप घेऊन आली. खालचा वाणी म्हणाला, "हाज्जांना उंटाच्या चरबीने चोळा." गच्चीवर कबुतरं पाळणाऱ्या म्हाताऱ्याने शस्त्रक्रिया कुठे करायची ते सांगितलं. रिहाम थक्क झाली. शाळेत तीच गोष्ट चाळीस मुलींना सलग तीन तास सांगून एकीच्याही डोक्यात शिरत नाही, आणि इथे एक गुडघा अडीच तासांत पाच मजले चढला होता. लिफ्ट बंद असताना.

नवरा हाझिम वीज कंपनीतून घरी आला तो हसू दाबतच.

"आईचा गुडघा काय झालाय?"

"काही नाही झालेला."

"आई खाली तेच म्हणतेय. पण फार मोठ्याने म्हणतेय."

रिहामने सगळं सांगितलं. हाझिम खरबुजाच्या बिया सोलत ऐकत होता. हाझिम सावकाश माणूस. बढती झाली तेव्हाही पत्र हातात पडून महिना झाल्यावर त्याने बायकोला सांगितलं होतं. (विसरभोळा आहे, असं रिहाम म्हणायची.)

"मग आईला तरी खरं सांगून ये," तो म्हणाला.

"शनिवारी सांगते. गाडीत बसल्यावर. आईंना सांगितलं की दहा मिनिटांत मावशींना कळतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी सोहेरमावशी तांदळाच्या खिरीचे तीन वाडगे घेऊन आल्या. आल्या त्या बसल्याच. काहीतरी पोटात ठेवल्यासारखा त्यांचा चेहरा होता. खीर वरून दालचिनीने अशी काही सजवली होती की रिहामच्या तोंडून निघालं, "काय सुरेख दिस—"

"खा, खा! आधी खा!" मावशींनी तिच्या तोंडात चमचाच घातला.

तेवढ्यात फोन वाजला. फोनची एक अडचण होती. तालीनने तो मागच्या महिन्यात तरंगतो का ते पाहिलं होतं. तरंगला नव्हता. तेव्हापासून त्यातून फक्त मोठ्याने, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असंच बोलणं यायचं.

"बाई, नमस्कार, मी बिदेर, रास अल-बरहून," खोली म्हणाली.

रिहामचा चमचा वाडग्यात पडला.

"ऐकतोय ते खरं का, बाई? तुम्ही रद्द केलंत म्हणे? हाज्जांचा गुडघा म्हणे?"

रिहामने मावशींकडे पाहिलं. मावशींचे डोळे तिच्यावर, अर्धा मीटर अंतरावर, पूर्ण उघडे. त्या म्हणाल्या, "मीच फोन केला होता गं काल त्याला. म्हटलं, एवढ्या गुणी पोरीचे पैसे तरी परत दे. इमारतीत सगळ्यांचा तोच तर दलाल. नाही ऐकत मेला. म्हणतो, मी बाईंच्या तोंडून ऐकल्याशिवाय काही मानत नाही."

"नियम आहे," फोन म्हणाला. "बोला बाई. रद्द ना?"

रिहामच्या डोक्यात गणित वेगाने फिरलं. 'नाही' म्हणावं, तर मावशींना एकदम दोन गोष्टी कळणार: हे जाणार आहेत, आणि ही खोटं बोलली. साध्या नजरेने झुंबर पडतं. दुखावलेल्या नजरेने काय होईल? शनिवारी ज्या मिनीबसने जायचं, तिचं काय होईल? पुलावर? मधोमध? तिला वाटेतला दमिएत्ताचा पूल दिसला, त्याच्या कठड्यावर लटकलेलं बदक दिसलं. 'हो' म्हणावं, मावशींना वाटेला लावावं, आणि पाच मिनिटांत परत फोन करून सांगावं, काका, गंमत केली. पाच मिनिटांचा तर प्रश्न.

"हो काका," ती म्हणाली. "रद्द."

"नक्की? विसार जाईल हं. माझ्या आजोबांपासूनचा नियम आहे. गिऱ्हाईक फिरलं तर विसार गेला, आम्ही फिरलो तर दुप्पट परत."

"जाऊ दे," रिहाम इतक्या दिलदारपणे म्हणाली की मावशींनी पदरासारखा ओढणीचा शेव डोळ्यांना लावला. "आईंच्या गुडघ्यापुढे काय मोठंसं!"

मावशी उठल्या. त्यांना अचानक चुलीवरचं दूध आठवलं. रिहामने त्यांना दारापर्यंत सोडलं, पावलं उतरल्याचा आवाज ऐकला आणि फोनवर झडप घातली.

"काका! काका, ते मघाशी बोलले ते नव्हे! आम्ही येतोय! शनिवारी!"

पलीकडे कुणीतरी भाजीवाल्यासारखं ओरडत होतं.

"बाई, झोपडी गेली."

"गेली म्हणजे? पाच मिनिटं नाही झाली!"

"ऑगस्टमध्ये पाच मिनिटं फार झाली, बाई. दुसरं गिऱ्हाईक विसार घेऊन उभंच होतं. तुमच्या तोंडच्या शब्दासाठी थांबलो होतो."

"मग दुसरी कुठली तरी द्या! मागच्या गल्लीतली! गच्चीवरची!"

"ऑगस्टात? बाई, माझा सख्खा मेहुणा गाडीत झोपतो."

"कुणाला दिलीत?"

"अब्रूदार पार्टी आहे. नाव सांगणं आमच्या धंद्यात बसत नाही."

रिहाम फोन हातात धरून उभी राहिली. तिने मावशींच्या दृष्टीपासून सहल वाचवली होती. इतकी वाचवली होती की ती सहल आता कुणालाच सापडणार नव्हती. आणि यात मावशींनी सहलीकडे नजरसुद्धा टाकली नव्हती. फक्त खीर आणली होती. हा अधिकार बघून रिहामच्या अंगावर काटा आला. झुंबर पाडणं वेगळं. समोरच्याच्या तोंडून त्याची स्वतःची सहल रद्द करवून घेणं, हे फारच वरच्या पायरीचं काम होतं.

त्या रात्री तिने रडत रडत हाझिमला सांगितलं. हाझिमने बियांची पुडी बाजूला ठेवली, म्हणाला, "आईचा गुडघा बघून येतो," आणि खाली गेला. परत आला तो शीळ घालत.

"तुला काहीच वाटत नाही?" रिहामने विचारलं.

"झालं ते झालं," हाझिम म्हणाला आणि दिवा मालवून झोपला. रिहाम अंधारात त्याच्या पाठीकडे बघत राहिली. केवढं मन! तीन हजार पौंड आणि वर्षाची रजा गेली, आणि हा माणूस घोरतोय. आपण याला विसरभोळा म्हणत होतो. हा संत आहे.

खरा प्रश्न तालीनचा होता. रिहामने तिला मांडीवर घेतलं. "बाळा, ऐक. आपण या वेळी कुठेच जात नाही."

"हो," तालीन म्हणाली, आणि डोळा मारला. तिला एक डोळा मिटता यायचा नाही, म्हणून दोन्ही मिटले. "कुठ्ठेच नाही."

"नाही गं, खरंच नाही."

"खरंच नाही," तालीनने कुजबुजत तोंडावर बोट ठेवलं आणि बदकाच्या गळ्यात स्वतःचा टॉवेल बांधला.

तीन दिवस हेच. रिहाम जितकं खरं सांगायची, तितकी पोरगी जास्त खूश व्हायची. तिने बाहुली बांधली, चपला बांधल्या, बादली बांधली. "ती नको," रिहाम म्हणाली, तर तालीन म्हणाली, "तिला पण दाखवायचाय ना मोठा." रिहामला स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडावं लागलं. आपण विज्ञानाच्या बाई. आपण पोरीला खोटं शिकवलं, ते ती एका दिवसात शिकली. आता खरं शिकवायला गेलो तर तिला येत नाही.

शनिवारी सकाळी सात वाजता दार धडधडलं. उघडलं तर सासूबाई. नवाकोरा काळा झगा, डोक्यावर पांढरी ओढणी, हातात थैली. दोन मजले चढून आल्या होत्या आणि धाप लागली नाही हे दिसावं म्हणून तोंड घट्ट मिटून उभ्या होत्या.

"चला," त्या शेवटी म्हणाल्या.

"कुठे, आई?"

"माझा गुडघा जिथे नेईल तिथे." हाज्जा इन्शिराहांनी उजवा पाय उचलून उंबऱ्यावर आपटला. "हाच ना तो? की डावा? वाणी डाव्याला चरबी देऊन गेला. चाळीस वर्षं या गुडघ्यांवर चार पोरं वाढवली, हज केली, कुणाची चहाडी नाही, चुगली नाही. आणि सून सांगते, म्हणे, गुडघा आडवा आला! म्हटलं, थांब. बिदेरला सांगितलं, ती सोडते ना झोपडी, मग ती माझी. विसार रोख."

"अब्रूदार पार्टी!" रिहामच्या तोंडून निघालं.

"मग काय बेअब्रू?"

मागून हाझिम दोन बॅगा घेऊन आला. बॅगा भरलेल्या होत्या. त्यात रिहामचा नीट घडी घातलेला पोहायचा पोशाखसुद्धा होता. संत खाली मान घालून तिच्या अंगावरून गेला.

"तुला माहीत होतं? तीन दिवस मी रडतेय आणि तुला माहीत होतं?"

"सांगणार होतो," हाझिम म्हणाला. "पण मग तुला आनंद झाला असता."

हे उत्तर रिहामला कळलं नाही. विचारायला वेळ नव्हता. तालीन बदक डोक्यावर घेऊन जिना उतरत होती आणि प्रत्येक दारावर थाप मारून सांगत होती, "आम्ही कुठ्ठेच जात नाही आहोत!"

खाली मिनीबस उभी होती आणि पुढच्या सीटवर, मांडीवर द्राक्षपानांच्या भरलेल्या गुंडाळ्यांचं पातेलं घेऊन, निळा मणी घातलेल्या सोहेरमावशी बसल्या होत्या.

"ये गं पोरी," त्या म्हणाल्या. "हाज्जा मला म्हणाल्या, तूही चल."

रिहाम मागे बसली. वाटेतलं मन्सूरा शहर येईपर्यंत ती बोटांवर मोजत राहिली. तिच्या हिशेबात काहीतरी चुकत होतं. ही सहल मावशींपासून लपवायची होती; तर मावशी सहलीत. घरच्यांनी ही सहल नक्की कुणापासून लपवली होती? कारण लपवली तर होतीच. इमारतीत सगळ्यांना माहीत होतं. वाण्याने निघताना हातही हलवला. माहीत नव्हतं ते एकीलाच. तिने पुढे वाकून पातेल्यात डोकावलं. गुंडाळ्या बोटाएवढ्या, एकसारख्या, चकचकीत. "काय सुबक वळल्यात हो—"

मावशींनी झाकण आपटलं. "सगळ्या तुझ्याच! परत जाताना पातेलंही घेऊन जा!"

दुपारी झोपडीवर सामान टाकलं. बिदेरकाका स्वतः किल्ली द्यायला आले होते. वाळलेल्या बोंबलासारखा बारीक माणूस. रिहामला बघून त्यांनी खिसा चाचपला, खजील झाले, आणि विसाराऐवजी साखरेच्या पाकातल्या जिलब्यांचा एक डबा तिच्या हातात दिला. "नियम तो नियम, बाई. पण तोंड गोड करा." तीन हजारांच्या जिलब्या रिहामने आयुष्यात पहिल्यांदा खाल्ल्या.

आणि संध्याकाळी सगळे धक्क्याच्या टोकाला गेले, जिथे नाईल नदी समुद्राला मिळते.

रिहाम ते दरवर्षी शिकवायची. गोडं पाणी हलकं, खारं जड, म्हणून काही अंतर दोन्ही शेजारी शेजारी वाहतात. दोन गुणांचा प्रश्न. पण डोळ्यांसमोर दिसत होतं ते दोन गुणांचं नव्हतं. एका हाताला नदी, माती रंगाची, दमलेली, हजारो मैल चालून आलेली. दुसऱ्या हाताला निळं, श्वास घेणारं, कडा नसलेलं. आणि मधे एक रेघ, हलणारी, पण पुसली न जाणारी, जशी कुणी मऊ खडूने ओढली असावी. कोळ्यांच्या होड्या त्या रेघेवरून जाताना एका बाजूने तांबूस आणि दुसऱ्या बाजूने निळ्या दिसत होत्या. धक्क्यावर एवढी माणसं होती, भाजलेली कणसं खाणारी, पोरांना ओरडणारी. पण टोकाशी येऊन जो तो गप्प होत होता. हाज्जा इन्शिराहांनी चपला काढून हातात घेतल्या, मशिदीत काढतात तशा.

तालीनने आपली लाल बादली समुद्राकडे धरली, बघ म्हणून. मग हळूच आईचा हात पकडला आणि अगदी कुजबुजत म्हणाली, "आता आपण कुठ्ठेच जायचं नाही."

तीन हजार पौंड, तीन दिवसांचं रडणं, गुडघा, सगळं त्या पाण्यात वाहून गेलं. रिहामने भरल्या डोळ्यांनी समुद्राकडे पाहिलं, छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

"किती सुं—"

तीन गोष्टी एकदम झाल्या. सासूबाईंनी ओढणी ओढून तालीनचं तोंड झाकलं. सोहेरमावशींनी एका हाताने दृष्ट अडवणारा निळा मणी घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताची पाचही बोटं, दृष्ट परतवायला ताणतात तशी ताणून, रिहामच्या नाकासमोर धरली. आणि हाझिमने, तिच्या संत हाझिमने, मागून येऊन तिच्या तोंडावर हात ठेवला.

"रिहाम," तो अतिशय प्रेमाने म्हणाला, "समुद्राबद्दल काही बोलू नकोस गं. अजून सहा दिवस राहायचंय."

रिहामने त्याचा हात काढला. "मी? माझी दृष्ट?"

कुणी तिच्याकडे बघेना.

"वॉशिंग मशीन," सोहेरमावशी शेवटी खाली बघत म्हणाल्या. "झुंबर. बिचाऱ्या करीमचा साखरपुडा. लिफ्ट. आणि पोरीच्या कांजिण्या. बाई गं, स्वतःच्या पोरीलाही सोडलं नाहीस."

"पण तुम्हीही होतात की तिथे! पाचही वेळा!"

"होते ना," मावशी म्हणाल्या. "तू येतेस म्हटलं की मी यायचेच. सावरायला. तू कौतुक करायचीस आणि मी मागून, दृष्ट लागू नये म्हणून, मनातल्या मनात माशाअल्लाह म्हणत सुटायचे. पण मी एकटी बाई, किती पुरे पडणार?"

पिंजऱ्यावरचं कापड. धूप. पडदा, तीन कप, पुदिना. बढतीचं पत्र. रिहामने पाचही नोंदी पुन्हा तपासल्या. आकडे तेच होते. प्रत्येक ठिकाणी दोन संशयित होत्या आणि पाच वर्षांत तिने एकदाही दुसरीकडे पाहिलं नव्हतं. (एखाद्या मुलीने पेपरात असं केलं असतं तर रिहामने शून्य दिलं असतं आणि पालकांना बोलावलं असतं.)

"हे सगळं थोतांड आहे," ती म्हणाली. आवाज शाळेतला लावला, पण लागला नाही. "डोळ्यातून बाहेर काहीही पडत नाही. मी शिकवते हे."

"बरोबर आहे, पोरी," सासूबाई समजुतीने म्हणाल्या आणि तालीनवरची ओढणी आणखी जरा खाली ओढली.

रिहामने ओठ मिटले. समुद्राकडे बघायची तिची हिंमत होईना; न जाणो. होड्यांकडे बघावं, तर त्यात गरीब माणसं होती. काय करावं, नजर कुठे ठेवावी? शेवटी तिने ती जिथे कुणाचं काही नुकसान होणार नाही अशा ठिकाणी, सोहेरमावशींच्या पायांशी ठेवलेल्या बदकावर टेकवली. पिवळंधमक, गळ्यात टॉवेल, संध्याकाळच्या उन्हात चकाकणारं. गोड होतं बिचारं. तिने अक्षरसुद्धा उच्चारलं नाही.

फुस्स्स.

बदकाने आधी मान टाकली, मग शेपटी, आणि मग ते हळूहळू, कुणाबद्दल तक्रार न करता, धक्क्यावर आडवं झालं.

हाझिमने डोळे मिटून घेतले. सासूबाई पुटपुटायला लागल्या. सोहेरमावशींनी आधी बदकाकडे, मग रिहामकडे पाहिलं, आणि त्यांच्या त्या भल्यामोठ्या डोळ्यांत राग नव्हता, भीतीसुद्धा नव्हती. समोरच्या समुद्राकडे बघतानाही त्यांच्या चेहऱ्यावर एवढी भक्ती नव्हती.

"आता तिला बोलावंही लागत नाही," त्या म्हणाल्या. "माशाअल्लाह."